पत्ता आणि परवानगी

कामगार चळवळीतल्या माणसाने संप, करार, बोनस हे आपले नेहमीचे विषय सोडून संगणकातील फोल्डर आणि फायली यांच्यावर का बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. आम्ही हे शास्त्र कोणत्याही कॉलेजात शिकलेलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच; पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून. परंतु माणसाला ज्या दगडाची ठेच लागते, तो दगड तेथे आला कसा याची चौकशी तो करतोच. आमच्या चौकशीचा प्रारंभही अशाच एका ठेचेने झाला.

२०१८ सालची गोष्ट. आमच्या कंत्राटी कामगारांचा नवा करार झाला होता. वेतनाचे कोष्टक प्रत्येकाला आपल्या मोबाइलवर वाचता यावे म्हणून संघटनेने भाड्याच्या सर्व्हरवर एक लहानसे संकेतस्थळ उभे केले. रविवारी सकाळी करार चढविला आणि दुपारी फोन सुरू झाले : "साहेब, पान सापडत नाही म्हणते." कचेरीतल्या मुलाने काही तरी दुरुस्ती केली, तेव्हा फोन येऊ लागले, "आता मनाई आहे म्हणते." संध्याकाळ झाली, मुलगा रडकुंडीला आला. अखेर कोणा जाणत्याच्या सल्ल्याने त्याने साऱ्या फोल्डरांना आणि त्यांतील साऱ्या फायलींना एका दमात ७७७ हा आकडा लावला. करार उघडला. आम्ही सर्वांनी चहा घेतला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका सभासदाचा फोन आला. त्याला त्या पानावर स्वतःचे नाव दिसले होते. करारासाठी केलेल्या फोल्डरातच खजिनदारांनी सभासदांची वर्गणीची यादी ठेविली होती. आदल्या दिवसापर्यंत ती कोणाला दिसत नव्हती, त्या आकड्याने ती जगाला दिसू लागली. यादी तात्काळ काढली. परंतु पुढच्याच आठवड्यात चौघा कामगारांना गेटपास नाकारण्यात आला. तो त्या यादीमुळेच नाकारला हे आम्हाला सिद्ध करता आले नाही. त्या चौघांची नावे यादीत होती, एवढे मात्र खरे.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की, एका रविवारी आम्ही ज्या दोन गोष्टींची गल्लत केली, त्यांना वेगळे करण्यासाठी मोठमोठ्या माणसांनी आयुष्यातील वर्षे खर्च केली आहेत. त्या दोन गोष्टी म्हणजे पत्ता आणि परवानगी. कागद कोठे आहे हा एक प्रश्न; तो कोणी वाचावा हा अगदी दुसरा.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला असे म्हणण्यास हरकत नाही. तोवर संगणक म्हणजे एक प्रचंड महागडे यंत्र. आपले काम भोके पाडलेल्या पत्त्यांवर लिहून द्यावयाचे आणि उत्तरासाठी तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, थांबावयाचे. १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू शकतील अशी व्यवस्था करून दाखविली. तिचे नाव सीटीएसएस. आता एक यंत्र आणि वापरणारे अनेक म्हटल्यावर, चाळीत बिऱ्हाडे वाढली की जो प्रश्न उभा राहतो तोच येथेही राहिला : कोणाचे सामान कोणते, आणि कोणी कोणाच्या खोलीत शिरावे? म्हणून प्रत्येकाला आपापले स्वतंत्र दप्तर मिळाले आणि शिरण्यासाठी परवलीचा शब्द आला.

याच व्यवस्थेत एक मजेदार, पण विचार करावयास लावणारी घटना घडली. मजकूर दुरुस्त करण्याच्या कार्यक्रमाला कामापुरती एक तात्पुरती फाईल लागे, आणि तिचे नाव कायमचे ठरलेले असे. एका दप्तरात एका वेळी एकच माणूस काम करील, असे गृहीत धरलेले होते. एके दिवशी व्यवस्थापकांच्या दप्तरात दोघे जण एकाच वेळी बसले. एक जण सर्वांना दाखवावयाचा स्वागताचा निरोप दुरुस्त करीत होता, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी. तात्पुरत्या फाईलचे नाव दोघांनाही तेच. तेव्हा मजकुरांची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत सर्वांच्या परवलीच्या शब्दांनी होऊ लागले! कॉर्बाटो यांनी स्वतःच ही हकिकत ट्युरिंग पुरस्काराच्या आपल्या व्याख्यानात सांगितली आहे. कोणी कुलूप फोडले नव्हते. नावाचा घोटाळा झाला आणि गुप्त कागद चव्हाट्यावर आला. आमच्या यादीची जातकुळी हीच.

पुढची मजल मल्टिक्सची. एमआयटी, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हे काम हाती घेतले. १९६५ साली डेली आणि न्यूमन यांनी त्याच्या फाईलव्यवस्थेचा आराखडा एका परिषदेत मांडला. झाडाला फांदी आणि फांदीला डहाळी फुटावी, तसे फोल्डरात फोल्डर आणि त्यात फाईल, अशी ही रचना होती. आणि कोणत्या फाईलवर कोणाला कोणता अधिकार, याचीही नोंद तिच्यात होती. आज आपण ज्याला पाथ म्हणतो, तो म्हणजे या झाडाच्या मुळापासून पानापर्यंतची वाट. बेल प्रयोगशाळेने १९६९ साली मल्टिक्समधून अंग काढून घेतले. तेथील केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग एका लहान यंत्रावर स्वतःची सुटसुटीत व्यवस्था रचावयास घेतली. तीच युनिक्स.

युनिक्सने पाथ लिहिताना तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, वापरली. १९७१ च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत फाईलचा मालक आणि इतर लोक असे दोनच वर्ग आढळतात. त्या दोहोंमध्ये 'गट' हा तिसरा वर्ग नंतर आला. मालक, गट आणि इतर! आम्हा युनियनवाल्यांना ही वाटणी वाचून गंमत वाटली. प्रत्येक वर्गाला तीन अधिकार देता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालविणे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालविण्याचा १. सारे दिले की बेरीज ७. म्हणजे ७७७ याचा अर्थ, मालकाने, गटाने आणि वाटेल त्याने वाचावे, लिहावे, चालवावे. एखाद्या कचेरीच्या कपाटांची सारी कुलुपे काढून किल्ल्या रस्त्यावर टाकाव्या, तसा तो आकडा. उलट ६४४ म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, इतरांनी केवळ वाचावे. कराराच्या फाईलला एवढेच पुरे होते.

येथे एक बारकावा आहे, आणि बहुतेकांची गाडी तेथेच अडते. फोल्डर काही चालविता येत नाही. मग त्याच्या बाबतीत 'चालविणे' म्हणजे काय? तर आत शिरणे. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडीदरवाजा, देवडी, चौक, माजघर आणि माजघरातील फडताळ. फडताळातील कागद वाचावयाची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. पण देवडीवरच तुम्हाला अडविले, तर त्या मुभेचा उपयोग काय? पाथमधील प्रत्येक फोल्डर हा असा एकेक दरवाजा आहे. त्यांतील एक जरी बंद असला, तरी आतली फाईल कितीही मोकळी असून हाती लागत नाही. आमच्या कराराचे नेमके हेच झाले होते. फाईल मोकळी होती. वरच्या फोल्डरात मालकाखेरीज कोणालाही प्रवेश नव्हता. त्या एका दरवाजाला ७५५ लावला असता तर काम भागले असते.

सकाळच्या "सापडत नाही" या तक्रारीचे मूळ मात्र निराळे होते, आणि त्यालाही इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये आरंभी फोल्डर नव्हतेच. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले. तोवर तेथे स्लॅश दुसऱ्या कामाला जुंपलेला होता, म्हणून पाथसाठी उलटी रेघ घ्यावी लागली. शिवाय त्या घराण्यात नावातील इंग्रजी मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत भेद मानीत नाहीत. युनिक्सच्या घराण्यात मानतात. आमच्या कचेरीतील यंत्र विंडोजचे आणि भाड्याचा सर्व्हर लिनक्सचा, म्हणजे युनिक्सच्या वळणाचा. फाईलचे नाव मोठ्या 'के'ने सुरू होत होते, दुव्यात लहान 'के' होता. कचेरीत सारे सुरळीत उघडले. सर्व्हरच्या दृष्टीने ती फाईल अस्तित्वातच नव्हती.

सर्व्हरवर कागद ठेवून जगाला दाखविण्याची ही कल्पना टिम बर्नर्स-ली यांची. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९९० च्या अखेरीस त्यांनी पहिला वेब सर्व्हर चालविला. संकेतस्थळाच्या पत्त्यातील तिरकी रेघ त्यांनी युनिक्सकडूनच घेतली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सारे तंत्र जगाला विनामूल्य मोकळे करून दिले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात रॉब मॅककूल यांनी आपला सर्व्हर लिहिला. ते तेथून गेल्यावर तो वापरणाऱ्यांनीच आपापली ठिगळे एकत्र केली, आणि १९९५ साली त्यातून अपाची हा सर्व्हर जन्मास आला. दूरदूरच्या माणसांनी संघटित होऊन केलेले हे काम आम्हाला विशेष जवळचे वाटते.

अपाचीसारखा सर्व्हर हा एक कारकून आहे असे समजा. तो तुमच्या नावाने काम करीत नाही. त्याचे स्वतःचे एक दुबळे नाव असते आणि फाईलच्या दृष्टीने तो बहुधा 'इतर' या वर्गातच मोडतो. तुम्हाला फाईल उघडता येते म्हणून त्यालाही येईल, असे मानू नये. त्याला नेमून दिलेले एक फोल्डर असते. संकेतस्थळाच्या पत्त्यातील पहिला स्लॅश म्हणजे ते फोल्डर, साऱ्या डिस्कचे मूळ नव्हे. कागद न सापडल्यास तो ४०४ म्हणतो, आणि देण्याची मनाई असल्यास ४०३. परंतु १९९९ च्या नियमावलीने त्याला एक सवलतही दिली आहे : मनाई आहे हे सांगावयाचे नसेल, तर त्याने सापडत नाही म्हणावे. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या आमच्या कामगारांना हे उत्तर ओळखीचे आहे.

या कारकुनाला फसविता येते काय? येते. पाथमध्ये दोन टिंबे लिहिली की त्यांचा अर्थ 'एक पायरी वर' असा होतो. अशा पायऱ्या चढत नेमलेल्या फोल्डराच्या बाहेर जाता येऊ नये, याचा पहारा सर्व्हरने ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तिरकी रेघ वेष पालटून लिहिली की पहारा चुकत असे. २००० साली त्याची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. पण अनेकांनी ती लावलीच नाही, आणि १८ सप्टेंबर २००१ पासून पसरलेल्या निमडा या किड्याने ज्या वाटांनी सर्व्हर गाठले, त्यांत हीही एक वाट होती. वीस वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरात, अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत पाथ तपासण्याची रीत बदलताना तशीच चूक झाली. ऑक्टोबरात काढलेली पहिली दुरुस्ती अपुरी ठरली, आणि ७ तारखेला दुसरी काढावी लागली.

या शेवटच्या प्रकरणात एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. नेमलेल्या फोल्डराबाहेरचे सारे नाकारावे, असा नियम अपाचीच्या मूळ मांडणीतच असतो. तो ज्यांनी जागेवर ठेविला होता, त्यांच्या फायली पत्त्याचा पहारा ढासळूनही हाती लागल्या नाहीत. ज्यांनी घाईत तो काढून टाकला होता, त्यांच्या मात्र उघड्या पडल्या. पत्त्याची चूक परवानगीने सावरली. आमच्या घरी याच्या उलट झाले : पत्त्याची आणि एका दरवाजाची चूक सावरण्यासाठी आम्ही परवानगीचाच बळी दिला.

आता आमच्या कचेरीत एक क्रम ठरलेला आहे. प्रथम आकडा पाहावा, ४०४ की ४०३. आणि सर्व्हरच्या चुकांची रोजनिशी, जिला लॉग म्हणतात, ती वाचावी. तेथे खरे कारण बहुधा लिहिलेले असते. मग सर्व्हरला नेमलेले फोल्डर कोणते ते पाहावे. मग नाव अक्षरशः अक्षर लावून ताडून पाहावे. मग वरपासून खालपर्यंत एकेक दरवाजा तपासावा, आणि सर्व्हर कोणाच्या नावाने चालतो ते पाहावे. एवढे झाल्यावर, लागेल तीच आणि तेवढीच परवानगी द्यावी. जी फाईल जगाने पाहू नये, ती नेमलेल्या फोल्डरात ठेवूच नये.

परंतु या क्रमाच्याही आधी एक प्रश्न आहे, आणि तो यंत्राचा नाही. करार सर्वांचा आहे, तो सर्वांना वाचता आलाच पाहिजे. तो दडविणे म्हणजे कामगाराला त्याच्या हक्काविषयी अंधारात ठेवणे. सभासदांची यादी ही सभासदांची ठेव आहे, ती उघडी टाकणे हा विश्वासघात. कोणता कागद कोणत्या वर्गात, हे संघटनेने बैठकीत बसून ठरवावयाचे असते. आम्ही ते ठरविले नव्हते. म्हणून ते एका घाबरलेल्या मुलाने रविवारी संध्याकाळी ठरविले. त्याला आम्ही दोष दिला नाही. ठराव आमचा व्हावयास हवा होता. तो आता झालेला आहे, आणि कार्यवृत्ताच्या वहीत त्याच्याखाली त्या मुलाचीही सही आहे.