छातीतल्या यंत्राला पासवर्ड लावायचा कसा?

हॅकिंग म्हटलं की आपल्याला बँकेचं खातं आठवतं. पण जो कॉम्प्युटर मोटर फिरवतो, झडप उघडतो, हृदयाला झटका देतो, त्यात कुणी घुसलं तर? अशा यंत्रणांना सायबर-फिजिकल सिस्टिम म्हणतात. त्यांच्या सुरक्षेचा इतिहास सांगताना लोक इराणमधल्या स्टक्सनेटपासून, म्हणजे २०१० पासून सुरुवात करतात. मी दोन वर्षं मागे जातो, प्रा. केविन फू यांच्याकडे.

फू एमआयटीतून पीएचडी करून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकवत होते. २००८ साली त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाचे तादायोशी कोनो आणि बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ विल्यम मेझेल यांच्यासोबत एक शोधनिबंध काढला. हृदयाचे ठोके बिघडले की आतून झटका देणारं, छातीत बसवायचं एक यंत्र त्यांनी टेबलावर घेतलं आणि त्याच्या रेडिओ लहरी ऐकल्या. रुग्णाचं नाव सरळ हवेतून जात होतं! बाहेरून उपचार बंद करता येत होते, झटकाही देता येत होता. प्रयोग मात्र काही सेंटीमीटरवरून केलेला. अशा यंत्राचा फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

मग पासवर्ड लावा की! इथेच खरी गोम आहे. पेशंट परगावी बेशुद्ध पडला, तर तिथल्या अनोळखी डॉक्टरला यंत्र उघडता आलंच पाहिजे. दुसरं म्हणजे बॅटरी. ती संपली की पुन्हा ऑपरेशन. कुणी नुसतं यंत्राला सारखं 'कोण आहे' विचारत राहिलं, तरी बॅटरी खाल्ली जाते. म्हणून या मंडळींनी बोलणाऱ्याच्याच रेडिओ लहरींतून वीज घेऊन आवाज करणारा छोटा भोंगा सुचवला. कुणीतरी यंत्राशी बोलतंय, एवढं पेशंटला कळावं. त्याची चाचणी त्यांनी चक्क मांसाच्या थरांत घालून केली.

मला मात्र फू यांचं २०१६ मधलं काम जास्त मोलाचं वाटतं. तेव्हा ते मिशिगन विद्यापीठात होते. सेंट ज्यूड कंपनीचे पेसमेकर हॅक होतात असा अहवाल एका गुंतवणूक संस्थेने काढला. कंपनीचा शेअर पडला तर या संस्थेचाच फायदा होता, हे विशेष. फू यांच्या गटाने तपासून सांगितलं की अहवालात दाखवलेले एररचे संदेश यंत्र नीट जोडलेलं नसलं तरी येतात, त्यावरून हल्ला सिद्ध होत नाही. ज्याने धोका दाखवून नाव कमावलं, त्यानेच 'थांबा, पुरावा पुरेसा नाही' म्हणावं! पुढे त्या यंत्रणेत त्रुटी होत्याच हे अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलं, आणि २०१७ मध्ये तिथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती निघाली. पेशंटला त्यासाठी दवाखान्यात जावं लागे. कुणाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती.

मेझेल आधीच एफडीएत गेले होते. २०२१ मध्ये फूही तिथे वैद्यकीय उपकरणांच्या सायबर सुरक्षेचे पहिले प्रभारी संचालक झाले. २०२२ च्या अखेरीस अमेरिकन संसदेने कायदा केला: इंटरनेटला जोडता येणारं उपकरण विकायला परवानगी हवी, तर सुरक्षेची योजना आणि आतल्या सॉफ्टवेअरची यादी द्या. मार्च २०२३ पासून तो लागू झाला. निबंध आणि कायदा यांत पंधरा वर्षं गेली. आणि कायदा फक्त नव्या अर्जांना लागू आहे. आधी छातीत बसवलेल्या यंत्रांना तो लागू नाही.