उपवासाच्या साबुदाण्याची कुळकथा

एकादशीला देहू-आळंदीत घरोघर साबुदाण्याची खिचडी होते. पोरे विचारतात, हा दाणा कोणत्या झाडाला लागतो? कुठल्याच नाही. टॅपिओका नावाच्या कंदाच्या पिठापासून तो वळतात.

कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी तो केरळात आणला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तेव्हा तिथल्या गरिबांना यानेच तारले. पूर्वी साबुदाणा मलायाकडून यायचा, सागो ताडाच्या गाभ्याचा. युद्धात ती वाटही बंद पडली अन् १९४३ च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला या कंदापासून तो होऊ लागला. कंद सोलून किसतात, दूध गाळून निवळत ठेवतात, तळाशी बसलेल्या साक्याचे दाणे वळून भाजतात, वाळवतात. याच पिठाची खळ सुताला, कागदाला, पुठ्ठ्याच्या खोक्यांनाही चालते. आणि खोकी चाकणच्या कारखान्यांना काय थोडी लागतात?

मग खेड-मावळात लावावा का? जरा थांबा. काढलेला कंद दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतो. चाकणच्या बाजारात बटाटा आठवड्याने नेला तरी खपतो, याचे तसे नाही. सेलमला शेताजवळच कारखाने निघाले, म्हणून तिथे जमले. आधी घेणारा गाठा, मगच बेणे आणा. अन् हो, कच्च्या कंदात व हिरव्या पाल्यात विषारी अंश असतो. कंद सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात उकडा व ते पाणी ओतून द्या. गुरे त्या पाल्याकडे फिरकू देऊ नका.