शालेय स्पर्धेत खेळाडूनं बेशिस्त वर्तन केलं तर काय होतं? दोन मिनिटांच्या निलंबनापासून संघ बाद होण्यापर्यंत

जतसारख्या तालुक्यात पावसाळा सुरू झाला की शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक लागतं. उमदी, संख, माडग्याळपासून डफळापूरपर्यंतच्या शाळांचे संघ जीप, एसटी, मिळेल त्या गाडीनं येतात. मैदानाभोवती चुन्याची रेघ, रेघेला चिकटून उभी पोरं आणि त्यांच्या मागं ओरडणारे पालक, असं ते चित्र असतं. स्पर्धा बाद पद्धतीची असते. हरलेला संघ दुपारच्या गाडीनं घरी जातो आणि त्याचं वर्ष तिथंच संपतं.

अशा सामन्यात शेवटच्या मिनिटाला पंचांनी एखादा गुण समोरच्या संघाला दिला, तर राग येणं साहजिक आहे. पण तो राग शब्दांत, हावभावांत किंवा हातापायांत उतरला तर काय होतं? खेळाडूला बाहेर कोण काढू शकतं? शाळा त्याला मारू शकते का? पोलिसांत तक्रार गेली तर?

या प्रश्नांची उत्तरं एकाच पुस्तकात मिळत नाहीत. मैदानावर त्या खेळाचे नियम लागू होतात. मैदानाबाहेर आयोजकांची नियमावली लागू होते आणि त्याच्याही पलीकडे कायदा असतो.

कबड्डीत काय होतं?

सांगली जिल्ह्यात शालेय पातळीवर सर्वाधिक गर्दी कबड्डीला होते आणि अंगाला अंग भिडणारा खेळ असल्यानं कुरबुरीही तिथंच जास्त होतात. या खेळात तीन रंगांची कार्डं आहेत. हिरवं कार्ड म्हणजे ताकीद. पिवळं म्हणजे दोन मिनिटं मैदानाबाहेर. लाल म्हणजे सामना संपला, त्या खेळाडूपुरता. हिरवं दुसऱ्यांदा मिळालं की ते पिवळं धरतात आणि पिवळं दुसऱ्यांदा मिळालं की लाल.

दोन मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. पण चढाईला ३० सेकंद धरले तर दोन मिनिटांत चार पूर्ण चढाया होतात. मुलींच्या सामन्यात एक डाव १५ मिनिटांचा असतो. तालुका पातळीवर वेळ वाचवायला डाव आखडले असतील तर दोन मिनिटांची किंमत आणखी वाढते. बाहेर बसलेला खेळाडू कोपरारक्षक असेल तर पकडीची साखळीच तुटते. शिक्षा एकाला होते, भोगतात उरलेले सहा जण.

कार्ड कशासाठी मिळतं? पंचांशी वारंवार हुज्जत घालणं, शिवीगाळ, समोरच्याला चिडवणारे हावभाव, मुद्दाम धोकादायक पकड. चढाईपटूचं तोंड किंवा गळा दाबून त्याचा दम तोडणं आणि पायांची कैची घालून पाडणं नियमातच बसत नाही. अंगाला तेल चोळून उतरणं आणि नखं न कापणं हेही चालत नाही. तेलाचा नियम वाचून हसू येतं, पण निसटण्याची ही युक्ती जुनी आहे. त्यामुळं जाणते पंच सामन्याआधी हात फिरवून बघतात.

कार्ड फक्त खेळाडूलाच मिळतं असं नाही. रेघेबाहेरून ओरडणाऱ्या प्रशिक्षकालाही मिळू शकतं. शालेय स्पर्धेत ‘प्रशिक्षक’ म्हणजे बहुतेक वेळा शाळेचे क्रीडाशिक्षक असतात आणि आपल्याच सरांना कार्ड मिळताना बघितलेली मुलं ते विसरत नाहीत.

आणखी एक गंमत. कबड्डी आणि खो-खोत मुख्य पंचाला ‘सरपंच’ म्हणतात. दोन पंचांचं एकमत झालं नाही की निर्णय सरपंचाचा. गावच्या सरपंचाचा याच्याशी काही संबंध नाही, तरी तोही मैदानाशेजारच्या खुर्चीत बसून मत देत असतो, ही गोष्ट वेगळी.

शिवी पंचांना समजलीच नाही तर?

जतमध्ये हा प्रश्न काल्पनिक नाही. तालुक्याच्या पूर्व भागात कन्नड बोलणारी गावं आहेत, कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. मराठी शाळेचा संघ आणि कन्नड शाळेचा संघ समोरासमोर आले की टोमणे दोन भाषांत चालतात. पंचांना एकच भाषा येत असेल तर एका संघाचे टोमणे पकडले जातात, दुसऱ्याचे सुटतात आणि मग ‘पंच त्यांच्याकडून आहेत’ ही कुजबुज सुरू होते.

नियम भाषेबद्दल काही बोलत नाही. अपमानकारक बोलणं कोणत्याही भाषेत दंडपात्रच आहे आणि हावभावांना तर भाषाच लागत नाही. त्यामुळं सीमाभागातल्या सामन्याला दोन्ही भाषा कळणारा निदान एक पंच असणं ही चैन नाही, गरज आहे.

बाकीच्या खेळांत

खो-खोतही पंच पिवळं आणि लाल कार्ड दाखवू शकतात. व्हॉलीबॉलमध्ये प्रकार थोडा गुंतागुंतीचा आहे. तिथं नुसतं पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, पण लाल कार्ड म्हणजे समोरच्या संघाला थेट एक गुण आणि सर्व्हिस. पंचांनी दोन्ही कार्डं एकाच हातात धरून दाखवली तर खेळाडू त्या सेटपुरता बाहेर जातो. दोन हातांत वेगवेगळी दाखवली तर पूर्ण सामन्यातून बाहेर. फुटबॉल बघून आलेल्या पालकांचा इथं हमखास गोंधळ होतो.

हॉकीत हिरव्या कार्डालाच दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं, पिवळ्याला किमान पाच. फुटबॉलमध्ये दोन पिवळी म्हणजे एक लाल हे सगळ्यांना पाठ आहे. पण शालेय वयोगटासाठी फुटबॉलच्या नियमांत आणखी एक सोय आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. आयोजकांनी ठरवलं तर खेळाडूला सामन्याच्या १० ते १५ टक्के वेळेपुरतं तात्पुरतं बाहेर बसवता येतं. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरतो आणि मुलगा पुन्हा खेळूही शकतो. लहान मुलांच्या बाबतीत थेट लाल कार्डापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा आहे.

क्रिकेटमध्ये २०१७ पर्यंत पंचाला खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याचा अधिकारच नव्हता. त्या वर्षी एमसीसीनं नियमावली बदलली आणि गैरवर्तनाचे चार स्तर केले. पहिल्या स्तराला आधी ताकीद आणि पुन्हा घडल्यास पाच दंडधावा. दुसऱ्याला थेट पाच धावा. तिसऱ्याला पाच धावांसोबत काही षटकं बाहेर, मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या एक पंचमांश. पंचाला धमकावणं किंवा कुणावर हात उगारणं हा चौथा स्तर, त्याला उरलेला पूर्ण सामना बाहेर. दहा षटकांच्या शालेय सामन्यात एक पंचमांश म्हणजे दोनच षटकं, हे खरं. पण हारजीत तेवढ्यात फिरते.

कुस्तीत तीन ताकिदी झाल्या की मल्ल हरतो, गुण कितीही असोत. निर्णयाला आव्हान देण्याची सोयही आहे, मात्र आव्हान फेटाळलं गेलं तर समोरच्याला एक गुण मिळतो.

सामना संपल्यावर कोण ठरवतं?

पंचांचा अधिकार त्या सामन्यापुरता. शिट्टी वाजल्यानंतर मंडपामागं झालेली मारामारी, पंचांची गाडी अडवणं, दुसऱ्याच्या नावावर खेळणं, वय लपवणं या गोष्टी आयोजकांकडे जातात. राज्यात शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या आहेत. जिल्ह्यात त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा क्रीडा परिषदेमार्फत होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं आणि मुली असे गट असतात. तालुक्यात जिंकलेला संघ ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या सांगलीकडे, तिथून कोल्हापूर विभागाकडे, मग राज्याकडे जातो. त्यापुढं १९५४ मध्ये स्थापन झालेल्या स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय स्पर्धा.

या साखळीत कुठंही संघ बाद ठरला की पुढचे सगळे दरवाजे त्या वर्षापुरते बंद होतात. आणि इथंच खरी जोखीम आहे. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना खेळातल्या कामगिरीनुसार वाढीव क्रीडागुण मिळतात, कमाल २५. त्याचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे जातो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठीही वरच्या पातळीवरची प्रमाणपत्रं लागतात. कोरडवाहू तालुक्यातल्या घरासाठी हे लहान आकडे नाहीत. एका पोरानं तालुक्याला घातलेला राडा बाकीच्या अकरा जणांच्या प्रमाणपत्रावर येऊ शकतो.

शाळा शिक्षा करू शकते का?

करू शकते, पण काहीही करू शकत नाही. संघातून वगळणं, काही सामने न खेळवणं, लेखी समज देणं, पालकांना बोलावणं हे शाळेच्या हातात आहे. मारणं नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. उन्हात मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावणं, सगळ्या शाळेसमोर अंगठे धरून उभं करणं हेही त्यातच येतं. ‘आमच्या वेळी सर छडी घेऊन यायचे’ हे खरं असेल, आज तो गुन्हा ठरू शकतो. त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही. त्यावरच्या वयाच्या, पण १८ पूर्ण न झालेल्या मुलांना बाल न्याय कायदा, २०१५ चं संरक्षण आहे. मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीनं केलेली क्रूरता त्याच्या कलम ७५ खाली येते.

प्रकरण पोलिसांत गेलं तर?

१८ वर्षांखालच्या मुलावर साधारणपणे मोठ्या माणसासारखा खटला चालत नाही. गंभीर गुन्हा नसेल आणि त्यात मोठी माणसं सामील नसतील, तर साधारणपणे गुन्हाही नोंदवला जात नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, बाल कल्याण पोलीस अधिकारी मुलाच्या घरची परिस्थिती टिपतो आणि अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. मैदानावरच्या धक्काबुक्कीचा प्रवास बहुतेक वेळा इतकाच असतो.

पण मोबाइलमुळं एक नवीन भानगड झाली आहे. भांडणाचा व्हिडिओ सामना संपायच्या आत गावाच्या ग्रुपवर पोचतो, खाली शाळेचं आणि मुलाचं नाव लिहून. चौकशी सुरू असलेल्या मुलाची ओळख, त्याच्या शाळेच्या नावासह, प्रसिद्ध करायला कलम ७४ नं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्याचा व्हिडिओ आहे तो मुलगा सुटतो आणि बातमी म्हणून नावासह चालवणारा अडकतो, असं होऊ शकतं.

मोठे काय करतात, तेही मुलं बघतात

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपटीचा निर्णय लागला. दोन वेळचा महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षेला तो मान्य नव्हता. त्यानं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं पंचांच्या निर्णयावर चिडून कुस्ती सोडली. कुस्तीगीर संघानं दोघांवर तीन वर्षांचं निलंबन जाहीर केलं. निर्णय बरोबर होता की चूक यावर पुढं महिनाभर चर्चा झडली. लाथेबद्दल मात्र दुमत नव्हतं.

दुसरं उदाहरण हांगझोऊचं. ७ ऑक्टोबर २०२३ ला आशियाई स्पर्धेच्या पुरुष कबड्डी अंतिम सामन्यात पवन सेहरावतच्या एका चढाईवरून भारत आणि इराणमध्ये वाद पेटला. जुना नियम लावायचा की नवा, यावर पंचांचाच निर्णय फिरत राहिला. खेळाडू मैदानातच बसून राहिले, सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. तासाभरात कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही, हे त्या गोंधळात बघण्यासारखं होतं.

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये, बेशिस्त वर्तनाला संघ १५ यार्ड मागं ढकलला जातो. तोच खेळाडू पुन्हा तसं वागला तर सामन्यातून बाहेर. बाहेर काढलेल्याला पुढचा सामनाही बसावं लागतं, असे नियम अनेक राज्यांच्या शालेय संघटनांनी केले आहेत. आपल्याकडं बाद पद्धतीमुळं ‘पुढचा सामना’ असेलच याची खात्री नसते. म्हणून इथं शिक्षा एकतर सामन्यापुरती उरते किंवा थेट पूर्ण संघावर येते. मधली पायरीच नाही, ही या व्यवस्थेतली खरी उणीव आहे.

निर्णय खरंच चुकीचा असेल तर?

पंच चुकतात. तालुका पातळीवर तर कधी एकच पंच सकाळपासून आठ-दहा सामने घेत असतो. अशा वेळी बोलण्याचा अधिकार कर्णधाराचा, बाकीच्यांचा नाही. त्यानं जवळ जाऊन, आवाज न चढवता निर्णयाचं कारण विचारायचं. समाधान झालं नाही तर संघव्यवस्थापकानं ठरलेल्या मुदतीत, ठरलेली फी भरून लेखी आक्षेप द्यायचा. मुदत आणि फी त्या वर्षीच्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात छापलेली असते, ते सामन्याआधीच वाचलेलं बरं. आक्षेपात सामना क्रमांक, वेळ, नियम आणि नेमकी घटना लिहावी लागते. ‘पंचांनी अन्याय केला’ एवढंच लिहिलेला कागद टिकत नाही.

आणि आक्षेप नोंदवायचा असेल तर संघानं सामना पूर्ण खेळावा लागतो. रागानं मैदान सोडलं की समोरचा संघ विजयी घोषित होतो आणि मग मूळ निर्णय चुकीचा होता का, हे कुणी तपासत बसत नाही.