कोलिकांच्या हाती ठेवलेला संघाचा निधी

नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेणी राजघराण्यांनी दिली, असे वारंवार सांगितले जाते. आमच्या मते ही समजूत अर्धीच खरी आहे. लेणे एकदा खोदले की संपले; परंतु तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्खूंना दरवर्षी चीवर मिळेल, याची हमी कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर तेथील दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात आहे.

उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. हाती सत्ता असूनही संघासाठी ३००० कार्षापणांचा अक्षय निधी त्याने राजकोषात ठेवला नाही. तो गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे सोपविला. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे. वाचकांनी हिशेब करून पाहावा. २००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेखात २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण सांगितले आहेत. एका नाण्याचाही फरक नाही!

हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविला गेला. आम्हांस हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. येथे विश्वासाचा आधार राजाज्ञा नसून शेजाऱ्यांची माहिती हा होता. विणकर गाव सोडून जाणारे नव्हते. व्याज थकले असते तर ते वर्षावासातच साऱ्या गोवर्धनास कळले असते.

घेणारा पक्षही तसाच विखुरलेला. तथागतांनी आपल्यामागे उत्तराधिकारी नेमला नव्हता. सर्व विहारांवर हुकूम चालविणारे पीठ नव्हते. दान चातुर्दिश संघाला होते, म्हणजे कोणत्याही दिशेने येणाऱ्या भिक्खूला. दात्याने ज्यांचे मुखही पाहिले नव्हते, त्यांच्यासाठी विणकरांनी जबाबदारी घेतली.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता उलथून टाकली. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला आहे. नाण्यांवरचे नाव बदलले, पण श्रेणींकडे निधी ठेवण्याची रीत मोडली नाही. सातवाहनांनंतर आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने याच पर्वतावरील भिक्खूंसाठी निधी ठेवला, तोही श्रेणींकडेच. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेलीही होते. त्या निधीच्या व्याजातून आजारी भिक्खूंना औषध मिळावयाचे होते.