अंगणवाडीतले अंगण

‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्या तोंडी रोजचा आहे. बाळाचे वजन करायचे, लस कधी आहे ते विचारायचे, खाऊ आणायचा, ते हे ठिकाण. पण या शब्दातले अंगण एके काळी अगदी खरेखुरे होते. शेणाने सारवलेले आणि कोंबड्या फिरणारे. ते ज्या बाईंनी शोधले, त्यांच्याविषयी मला लिहायचे आहे. मी सातवी शिकलेली बाई. तेव्हा भाषेकडे पाहू नये, हकीकतीकडे पाहावे.

ताराबाई मोडक यांचा जन्म 1892 सालचा. 1914 साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर बाई म्हणजे लोक वळून पाहत असतील! पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्यांनी काम केले. गिजुभाईंना लोक ‘मिशाळ आई’ म्हणत, इतकी त्यांना मुलांची माया. त्या दोघांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाले, तेही नावारूपाला आले. दुसरी एखादी बाई तिथेच समाधानाने राहिली असती.

ताराबाईंना मात्र वेगळेच खुपत होते. मॉन्टेसरीबाईंची पद्धत उत्तम, पण तिचे साहित्य महाग. ते शहरातल्या खाऊन-पिऊन सुखी घरच्या मुलांनाच मिळणार. मग खेड्यातल्या पोरांनी काय करावे? म्हणून 24 डिसेंबर 1945 रोजी डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी गावी त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. तेव्हा त्यांचे वय 53 होते. आपण त्या वयात गुडघ्यांना तेल चोळत बसतो! मदतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली होती.

केंद्र निघाले, पण त्या वेळी हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली मुले काही तिथे येईनात. शाळेचे दार उघडे असून भागत नाही. त्या दारापर्यंत यायला अंगावर धड कपडा लागतो, हात धरून आणणारे कोणी लागते, आणि आत गेल्यावर आपल्याला कोणी हाकलणार नाही हा भरवसा लागतो. मग या बायांनीच वस्तीत जाऊन एखाद्याच्या अंगणात बालवाडी भरवायला सुरुवात केली. आधी मुलांना आंघोळ, मग वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. आया दारात उभ्या राहून पाहत. पोर कसे न्हाऊ घालावे, कसे बोलते करावे हे त्यांनाही तिथल्या तिथे दिसे. अंगणवाडी म्हणतात ती ही.

महाग साहित्याचा प्रश्न निसर्गानेच सोडवला. समुद्राचे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, बांबूचे तुकडे, माती. मोजायला, जुळवायला, लहान-मोठे ओळखायला आणखी काय पाहिजे? बाजारचे ठोकळे सगळे एका मापाचे. पण बियांच्या पसाऱ्यात एकासारखी दुसरी शोधताना मुलाची नजर आपोआप तयार होते.

पुढे 1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. तिथे आणखी एक अडचण निघाली. मोठी मुले शाळेत यायची तर घरचे तान्हे कोणी सांभाळायचे? आई मजुरीला गेलेली. तेव्हा ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. बहिणीने भावाला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपल्या वर्गात जाऊन बसावे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसले. माझी शाळा सातवीत सुटली ती धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हते म्हणून. शाळेने नाव कमी केले, चौकशीला कोणी आले नाही. मी काही मंदबुद्धी नव्हते हो.

गुरे चारणाऱ्या पोरांचे तर याहून अवघड. ती शाळेत आली तर गुरे पिकात शिरणार. म्हणून शिक्षकच त्यांच्याबरोबर कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ झाली. गुरे चरताहेत, मुले शिकताहेत.

1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या वारल्या. 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारी बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. अनुताई 1992 पर्यंत कोसबाडचे काम पाहत होत्या. सरकारी योजनेने पुष्कळ पोरे जगवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आता पुष्कळ ठिकाणी एक खोली असते, भिंतीवर आंब्याचे चित्र असते, आणि आंबा बाहेर असतो.

आपल्या मंडळाच्या बालवाडीमागे चिंचेचे झाड आहे. त्याखालच्या मातीवर फरशी घालून वर प्लास्टिकची घसरगुंडी बसवावी, असा ठराव येत्या सभेपुढे यायचा आहे. पावसाळ्यात चिखल होतो, हे मान्य. तरी माझे मत विरुद्ध पडेल, हे मी अध्यक्षबाईंना आधीच सांगून ठेवले आहे. आणि गेल्या उन्हाळ्यातले दोन डबे चिंचोके मी सभेला घेऊन येणार आहे.