वध, खून आणि कामी येणे



वाशीमचे बालाजीमंदिर आपणां सर्वांच्या नित्य परिचयाचे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या पदरचे मुत्सद्दी भवानी काळू यांनी ते बांधले, हेही बहुतेकांस ठाऊक असते. पण ज्या सुमारास या मंदिराचे दगड चढत होते, त्याच सुमारास त्या भोसल्यांच्या घरात भावाने भावाला गोळी घातली, हे कितीजणांस ठाऊक आहे? उलट, पुण्याच्या शनिवारवाड्यातील 'काका, मला वाचवा' ही आरोळी शाळेतल्या पोरालाही पाठ असते. या दोन घटनांत अंतर जेमतेम दीड वर्षाचे. एक गाण्यात गेली, नाटकात गेली, आजीच्या गोष्टीत गेली; दुसरी इतिहासाच्या पुस्तकांतच राहिली. असे का झाले, याचा विचार आज आपल्यासमोर मांडावा असा आमचा मानस आहे.

आरंभीच आपल्या भाषेकडे पाहू. माणसाने माणसाला मारले, एवढीच घटना. पण मराठीत तिला तीन नावे आहेत. अफझलखानाचा 'वध' झाला. नारायणरावांचा 'खून' झाला. आणि लढाईत सरदार पडला की तो 'कामी आला'. यांतील एकही शब्द नुसती माहिती सांगत नाही. प्रत्येक शब्द निकाल सांगतो. वध म्हटले की मारणारा निर्दोष सुटला. खून म्हटले की तो आरोपी झाला. कामी आला म्हटले की मारणारा कोणी उरलाच नाही. रक्तपाताची गाणी हेच काम अधिक मोठ्या आवाजात करतात.

पहिला दाखला प्रतापगडचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवरायांची आणि अफझलखानाची भेट झाली. त्या प्रसंगावरील अज्ञानदासाचा पोवाडा हा आज उपलब्ध असलेल्या जुन्या पोवाड्यांतील अग्रगण्य होय. गोंधळ्यांच्या तोंडी फिरत आलेले असे पोवाडे हॅरी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जमवून १८९१ साली छापले, म्हणून ते आपल्या हाती लागले. पोवाडा सादर होतो कसा, हे आपण पाहिलेले आहे. डफावर थाप पडते, तुणतुणे लागते, शाहीर कडवे उचलतो आणि मागचे झीलकरी 'जी जी' म्हणून ते झेलतात. ऐन शस्त्र उपसण्याच्या क्षणी शाहीर थांबतो, गद्यात दोन शब्द बोलतो, सभेकडे पाहतो आणि मग घाव घालतो. झील धरणारे तेव्हा केवळ साथ करीत नसतात. त्या कृत्याला ते सभेच्या वतीने संमती देत असतात.

ही संमती का मिळते? खान सैन्य घेऊन चालून आला होता, स्वराज्य संकटात होते आणि जे घडले ते सर्वांसाठी घडले, असा श्रोत्यांचा विश्वास असतो. अशा प्रसंगी गाणे शत्रूला लहान करीत नाही. त्याचा डौल, त्याची फौज, त्याचा देह हे सारे मोठे करूनच सांगावे लागते. शिवाय ज्याचा वध गाइला, त्याची कबरही प्रतापगडाखाली उभी राहिली, हे आपण विसरू नये. वैर मृत्यूपाशी संपते, एवढा विवेक त्या काळाला होता.

दुसरा दाखला शनिवारवाड्याचा. ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारी गारदी वाड्यात शिरले आणि अठरा वर्षांचे पेशवे नारायणराव चुलत्यांच्या समक्ष मारले गेले. येथे जयघोष कशाचा करावयाचा? शाहिरांनी हा मृत्यूही गाइला. पण वीररसाच्या वाद्यांवर शोक गाण्याची पाळी त्यांच्यावर आली.

आता येथे दोन न्यायालये बसलेली दिसतात. एक रामशास्त्री प्रभुण्यांचे. त्यांनी चौकशी केली, माणसे तपासली आणि दोष रघुनाथरावांच्या माथी ठेवला. देहान्तावाचून याला दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितल्याची प्रसिद्धी आहे. दुसरे न्यायालय लोकस्मृतीचे. त्याने निराळाच आरोपी धरला. 'धरावे' या शब्दातील 'ध' चा आनंदीबाईंनी 'मा' केला, ही गोष्ट त्या न्यायालयाचा निकाल होय. ज्यावर ती खाडाखोड दिसावी असा अस्सल कागद संशोधकांच्या हाती आलेला नाही. तरीही 'ध चा मा' हा मराठीतला वाक्प्रचार होऊन बसला. रामशास्त्र्यांचा निकाल आपण आदराने आठवतो. पण रोजच्या बोलण्यात शिक्षा देतो ती आनंदीबाईंना.

हा दोष केवळ आपलाच आहे असे कोणी मानू नये. इंग्लंड-स्कॉटलंडात खुनांची गाणी शतकानुशतके रचली गेली. फाशीच्या दिवशी ती एकेका कागदावर छापून गर्दीत विकली जात. जर्मनीत गाणारा बाकावर उभा राही आणि चित्रांच्या फलकावर छडी ठेवीत खुनाची हकीकत गाई. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथींची येथे सहज आठवण व्हावी, जरी त्यांचा विषय रामायण-महाभारताचा असला. पाश्चात्त्यांच्या या गाण्यांत आणि पोवाड्यात मोठा भेद असा, की तेथे पुष्कळदा खुनी स्वतःच बोलतो. मी मारले, आता मी मरतो, तुम्ही शहाणे व्हा, असा त्याचा सूर असतो. आपला शाहीर मारणाऱ्याच्या तोंडी असा पश्चात्ताप सहसा घालीत नाही.

पण साम्य पाहावयाचे तर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना प्रांतातील टॉम ड्यूला याचे प्रकरण पाहावे. लॉरा फॉस्टर नावाची तरुणी १८६६ साली मारली गेली आणि त्या खुनाबद्दल १८६८ साली टॉम फाशी गेला. अॅन मेल्टन नावाची दुसरी स्त्री या प्रकरणात आरोपी होती. तिची निर्दोष सुटका झाली. पुढे या घटनेवर गाणे झाले आणि १९५८ साली त्याच्या ध्वनिमुद्रिकेने ते जगभर पोहोचले. त्या डोंगरी मुलखातील लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुजबुजत राहिले, की खरी करणी अॅनची. पुण्याचा वाडा कोठे आणि ते डोंगर कोठे! पण पुरुषाच्या हातून रक्त सांडले की त्यामागे स्त्रीची जीभ शोधावयाची, ही खोड दोन्हीकडे एकच. आणि गाणे मारणाऱ्याच्या नावाने जगभर गेले. मारली गेलेली लॉरा त्याच्या मागे राहिली.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? त्या दुपारी शनिवारवाड्यात एकटे नारायणराव मेले नाहीत. धन्याच्या अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकर मेला, वाड्यातील दासी मेल्या, इतर चाकर मेले. चापाजीचे नाव निदान इतिहासात राहिले. त्या दासींची नावे आपल्यापैकी कोणी सांगू शकेल काय?

आता तिसरा दाखला, आपल्या वऱ्हाड-नागपूरचा. १७७२ साली जानोजी भोसले वारले आणि मुधोजी व साबाजी या भावांत वारशाचा तंटा लागला. १७७३ च्या आरंभी अकोल्याजवळ कुंभारी येथे दोघांची झुंज झाली. तेवढ्यात पुण्यात नारायणरावांचा खून झाला. मुधोजी रघुनाथरावांच्या बाजूस, तर साबाजी बारभाईंच्या. म्हणजे शनिवारवाड्यातील रक्ताचा ओघळ सरळ आपल्या मुलखात आला. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरनजीक पाचगाव येथे दोघे समोरासमोर आले. मुधोजी शत्रूच्या गराड्यात सापडले असता त्यांनी पिस्तूल झाडून साबाजींचा प्राण घेतला.

भावाच्या हातून भावाचा अंत! गाण्याला याहून अधिक काय हवे? पण ज्याने मारले तोच नागपूरचा कारभारी झाला, त्याचाच मुलगा रघुजी सेनासाहेबसुभा झाला आणि पुणे दरबारानेही त्यांच्याशी जुळवून घेतले. नारायणरावांच्या शोकाला बारभाईंचा आसरा होता. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या हक्काला त्या शोकाचे बळ होते. साबाजींच्या शोकाला कोणाचा आसरा? ज्यांच्या वाड्यावर बिदागी मिळावयाची, त्यांच्याच दारात उभे राहून शाहिराने कोणता शब्द वापरावा? 'वध' म्हणता येईना, 'खून' म्हणण्याची सोय नाही. तेव्हा साबाजी 'कामी आले', एवढ्यावर प्रकरण मिटले. बारभाईंनी आणि भोसल्यांनी गाण्यांवर हुकूम काढले, असे आमचे म्हणणे नाही. शोकालाही पोशिंदा लागतो, एवढेच आम्ही म्हणतो.

मग ही गाणी इतिहासाच्या कामाची नाहीत काय? आमचे मत उलट आहे. मारले कोणी, हे गाण्याला विचारू नये. त्यासाठी कागद आहेत, रामशास्त्र्यांसारखी माणसे आहेत. गाण्याला विचारावे ते हे, की ऐकणाऱ्यांना कोणाला मोठे करावयाचे होते, कोणासाठी रडावयाचे होते आणि दोष कोणावर ढकलून मोकळे व्हावयाचे होते. या प्रश्नांची उत्तरे गाण्याइतकी प्रामाणिकपणे कोणताही दप्तरखाना देत नाही. मात्र त्यासाठी गाण्यातले मौनही ऐकावे लागते.

प्रत्येक काळ आपापले रक्तपात गात असतो. आपलाही काळ त्याला अपवाद नाही. पुढच्या वेळी डफावर थाप पडेल आणि झील धरण्यास आपला कंठ पुढे होईल, तेव्हा क्षणभर थांबून आपण कोणत्या शब्दाला संमती देत आहोत हे पाहावे. वध की खून की कामी येणे? आणि घरी जाताना बालाजीच्या पायरीवर घटकाभर टेकलात, तर पाचगावला पडलेल्या त्या भावाची आठवण करा. दोन शतकांहून अधिक काळ त्याच्यासाठी कोणाची झील उठली नाही. निदान वाशीमकरांनी तरी त्याला एवढे देणे लागते.