पाणकणीस
पाणकणीस : (रामबाण; सं. एरका, कुल–टायफेसी). तळी, पाणथळी, कालव्यांचे पाझर आणि धरणांच्या फुगवट्याची उथळ किनारपट्टी यांवर आपला अंमल बसविणारी ही उंच, बहुवर्षायू वनस्पती असून महाराष्ट्रात तिची टायफा डोमिंजेन्सिस ही जाती आढळते. चिखलात आडवे पसरणारे पिष्टमय मूलक्षोड हेच हिचे खरे बळ होय. त्याच्या कोंबांपासून वर्षानुवर्षे नवे ताटवे उठतात, आणि लांब, चिवट पानांच्या आतील वायुपोकळ्यांतून प्राणवायू थेट खाली पोहोचत असल्यामुळे निर्वात गाळातही मूलक्षोड गुदमरत नाही. म्हणूनच पाटबंधारे खात्याच्या डोक्याला ताप झालेली ही बेटे नुसती छाटून हटत नाहीत. बुंधे पाण्याखाली कापले, की मात्र हवेचा मार्ग तुटून मुळे कुजतात. दंडगोल कणसाच्या वरच्या भागात पुं-पुष्पे, मध्ये थोडी मोकळी जागा आणि खाली तपकिरी, मखमली स्त्री-पुष्पे असतात. परागण वाऱ्याने होते, आणि कापसासारख्या केसांची सूक्ष्म फळेही वाराच दूर नेतो. पानांच्या चटया विणतात, छपरेही शाकारतात. गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर (2020 मध्ये घोषित झालेले रामसर स्थळ) येथील अशा दाट बेटांत जांभळ्या पाणकोंबड्या घरटी करतात व कोवळे कोंब खातात. महाभारताच्या मौसलपर्वात यादवांनी परस्परांचा संहार शापाने मुसळ झालेल्या ज्या एरकेने केला, ती हीच असे बहुधा मानतात. एवढ्या मऊ पात्याचे मुसळ होण्यास शापच हवा, हे उघड आहे.